लोखंडाची बहीण

सुभाषचा फोन आला तेव्हा मी कल्याणला, आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "आत्या, आई गेली," एवढंच तो म्हणाला आणि रडायला लागला. अशा वेळी माणूस काय विचारतं? कधी गेली, कशी गेली, त्रास झाला का... मी विचारलं, "लुगडं कोणी आणलं?" पोराला वाटलं असेल, आत्याचं डोकं फिरलं. मग नाक ओढत म्हणाला, "मामानं आणलं ना. कवाचा आलाय तो. बाहेर खुर्चीवर बसलाय." माझ्या हातातला ओला टॉवेल खाली रस्त्यावर पडला. तो उचलायलाही मी थांबले नाही, तशीच रिक्षा पकडली आणि वळ गावी, माहेरी निघाले.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. बाप नसला तर भाऊ आणतो. द्वारकावयनी म्हणजे माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची, दामूदादाची बायको. तिला भाऊ नव्हता. आईबाप लहानपणीच गेले, चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. आणि गेली कित्येक वर्षं ती मला एकच गोष्ट बजावत होती, "बाय, मी मेले ना, तर त्याचं लुगडं माझ्या अंगावर न्हाय पडायचं. ध्यानात ठेव." तो म्हणजे आमच्या कामावरचा मुकादम. तो तिचा भाऊ नव्हे, चुलत नव्हे, गावकीतलाही नव्हे. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. वळमध्ये आणि नारपोलीत वाचतील त्यांना कळेलच, बाकीच्यांना कळून करायचंय काय? आम्ही कामावरच्या बायका त्याला अण्णा म्हणायचो, आमची पोरं मामा म्हणतात, आणि नाक्यावरच्या फ्लेक्सवर तो 'आदरणीय' असतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भातशेतीवर घर चालेना, म्हणून वळमधल्या आम्ही सात-आठजणी नारपोलीला कांड्या भरायला जायचो. लूमवर कापड विणायला आडवा धागा लागतो, तो ज्या छोट्या लाकडी कांडीवर गुंडाळलेला असतो ती कांडी भरायचं काम बायकांचं. लूमच्या मोठ्या शेडला लागून पत्र्याचा एक पडवीसारखा भाग होता, तिथं आमचं मशीन. शेडमध्ये लूम एकदा सुरू झाले की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही, ओठांवरून ओळखायचं. ओरडून उपयोग नाही, हे पहिल्याच दिवशी कळायचं. तेव्हा ते फक्त बोलण्यापुरतं वाटलं होतं. दामूदादा त्याच शेडमध्ये लूम चालवायचा. त्याला तिथं लावला मुकादमानं, वयनीला लावली मुकादमानं, मला सतराव्या वर्षी लावली तीही त्यानंच. आमच्या घरात चूल पेटायची ती त्या माणसाच्या शब्दावर, आणि माझी आई सकाळी देवाला हात जोडताना त्यालाही दोन आशीर्वाद देऊन मोकळी व्हायची.

सूत असायचं कोठीत. कोठी म्हणजे एक बिनखिडकीची खोली, किल्ली मुकादमाच्या कमरेला. प्रत्येक बाईनं आपापलं सूत आत जाऊन आणायचं, एकेकटीनं, कारण "गर्दी केली की सूत चोरीला जातं" असा नियम. नियम कोणी केला? त्यानंच. आत कोण किती वेळ थांबतं यावर बाहेर कोणाला कसलं सूत मिळणार ते ठरायचं. चांगलं सूत सरळ गुंडाळलं जातं, पण तुटकं सूत असलं की गाठी मारता मारता बोटं सोलवटतात आणि संध्याकाळी कांड्या निम्म्या भरतात. एखादीला लागोपाठ तुटकं सूत येऊ लागलं की बाकीच्या समजायच्या. समजून काय करायच्या? आपापल्या कांड्या भरायच्या. एक मला सोडलं, तर कोठीत जाऊन आली नाही अशी आमच्यात कोणी नव्हती.

मी सुटले याचं कारण वयनी. पहिल्या दिवशी मी टोपली घेऊन उठले तर तिनं माझा दंड धरून खाली बसवलं. "तू न्हाय जायाचं. तुझं सूत मी आणतंय." मला वाटलं, नवीन आहे म्हणून लाड करतेय. मग रोजचंच झालं. ती आपलं सूत आणायची, टोपली रिकामी करायची आणि माझ्यासाठी पुन्हा आत जायची. बाहेर आली की उजवं मनगट पदरानं पुसायची... खसाखसा, भांडं घासल्यासारखं. मी विचारायचे, "काय झालं गं?" तर म्हणायची, "रुई चिकटते मेली." शेडमध्ये सगळीकडे रुई उडायचीच, माझ्या भुवया संध्याकाळी पांढऱ्या व्हायच्या, त्यामुळे मला ते खरं वाटलं. माझ्या वाट्याचंही ती सोसून येत होती हे मला कळायला पुढं फार वेळ लागला नाही, पण ते कळलं ते मुकादमाच्याच तोंडून.

त्याआधी राखीचं सांगायला हवं, कारण सगळं पुढे त्या दोऱ्यावर आलं. दर नारळी पुनवेला शेडमध्ये पूजा असायची, लूम बंद, फुलांचे हार, नारळ. पूजा आटोपली की मुकादम नवी टोपी घालून सुताच्या पोत्यावर बसायचा आणि कांडीवाल्या सगळ्या बायकांनी रांगेनं त्याला राखी बांधायची. राख्या आम्हीच करायचो, उरल्यासुरल्या रंगीत सुताच्या. तो प्रत्येकीला एक ब्लाऊजपीस द्यायचा आणि डोक्यावर हात ठेवायचा. मनगटापासून कोपरापर्यंत राख्या! तो हात घेऊन तो पंधरा-पंधरा दिवस नारपोलीभर हिंडायचा. लोक म्हणायचे, काय माणूस आहे, गरिबाघरच्या बायकांना पाठीशी घालतो. त्याच हातानं तो कोठीचं दार आतून लावायचा.

एका दुपारी वयनी माझ्यासाठी सूत आणायला उठली, तेव्हा तो कोठीच्या दारात उभा होता. लूम चालू होते, पण त्याच्या ओठांवरून मला सगळं वाचता आलं. "उद्यापासून नणंदेला पाठव. मोठी झाली आता ती." वयनीनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तसलं पाहणं मी पुन्हा कोणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही आणि पाहायचंही नाही. त्या दिवशी ती कोठीत गेलीच नाही, रिकामी टोपली मशीनखाली ढकलली आणि मला हाताला धरून घरी घेऊन आली.

घरी दामूदादा रात्रपाळी करून आलेला, जेवत होता. तिनं सगळं सांगितलं, माझ्यासमोर, आईसमोर, आडपडदा न ठेवता. दादानं घास खाली ठेवला नाही. "भाऊ हाय तो तुझा," म्हणाला. "गेल्या पुनवेला राखी कोणी बांधली?"

"बांधायला लावली. सगळ्यांना लावतो."

"बांधली ना? मंग झालं. राखी बांधून घेतलेला माणूस असलं काय करंल?" आणि त्यानं भातावर आमटी मागितली. माझा भाऊ वाईट नव्हता हो. त्याला लूम हवा होता. सगळ्यांनाच काही ना काही हवं होतं, आणि ते सगळं त्या एका माणसाच्या कमरेच्या किल्लीला बांधलेलं होतं.

मग दुसऱ्याच दिवशी ती शेडच्या मालकाकडे, शेठकडे गेली. शेठ शनिवारी यायचा, गाडीतून उतरून ऑफिसात पानदान उघडून बसायचा. मी बाहेर उभी होते. वयनी मराठीतून सांगायला लागली, त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि दारातूनच हाक मारली, "अरे मुकादम! ये तेरी बहन कुछ बोल रही है, देख ले जरा." झाली चौकशी! ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात तक्रार. लोक अजून सांगतात की शेठ सज्जन होता, त्यानं कधी कोणा बाईकडे मान वर करून पाहिलं नाही. खरं आहे ते. त्यानं मान कधी वर केलीच नाही.

मुकादमानं काय करावं? त्यानं कांडीमशीन बंद करायला लावलं, सगळ्या बायकांना गोळा केलं आणि चक्क रडला. हात वर करून म्हणाला, "ज्या बहिणीला माझ्यावर शक असंल तिनं माझी राखी सोडावी. आत्ता सोडावी. मी हूं की चूं करायचा न्हाय." राखी कसली सोडतायत! गेल्या श्रावणातली ती, केव्हाच गळून गेलेली, मनगट मोकळंच होतं. पण त्या रिकाम्या मनगटाकडे बघून बायका हमसून हमसून रडल्या. शांताक्का तर त्याच्या पाया पडली. शांताक्का कोठीतून काय चेहऱ्यानं बाहेर यायची ते मी रोज पाहत होते. तरी रडली आणि वयनीला म्हणाली, "भावासारख्या माणसावर आळ घेतंस? तोंडात किडे पडतील तुझ्या."

मला दादानं दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं, लग्नाचं बघायला लागला. एवढं मात्र वयनीनं मिळवलं... मी त्या कोठीत कधी गेले नाही. ती स्वतः कामावर जात राहिली. तुटकं सूत गुंडाळत राहिली, रात्री बोटांना हळद लावत राहिली. आणि मग पुनव आली.

पूजेला घरच्यांनाही बोलावणं असायचं, म्हणून मी तिथं होते. लूम बंद होते. त्या शेडमध्ये एवढी शांतता वर्षातून एकदाच असायची. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी. मुकादम पोत्यावर बसला, रांग लागली, वयनी रांगेत होती, हातात पिवळ्या सुताची राखी. दादाचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. तिची पाळी आली. मुकादमानं हात पुढे केला, हसला, "ये बहिणी." वयनी त्याच्या समोरून सरळ पुढे गेली. कांडीमशीनचा लोखंडी खांब होता, त्याला तिनं ती राखी गुंडाळली, गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला. म्हणाली, "हा माझा भाऊ. हा जागचा हलत न्हाय."

वाचणाऱ्याला वाटेल, वा! काय बाई! मलाही क्षणभर वाटलं होतं. पण आमच्या लोकांनी त्याचा अर्थ काय लावला सांगू? संध्याकाळपर्यंत वळभर झालं होतं, द्वारकीनं अण्णाला राखी बांधली नाही. मग? बाईनं ज्याला भाऊ मानायला नकार दिला त्याला ती काय मानते? चांगल्या घरची, दोन वेळा देवाला दिवा लावणारी माझी सख्खी आई ओट्यावर उभी राहून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "भाऊ नको तुला? मंग काय, दादला पायजे?" झालं. जिच्यावर हात पडत होता तिच्याच मनात पाप आहे असं सगळ्या गावानं एकमुखानं ठरवलं, आणि पुरावा काय, तर तो पिवळा दोरा. दादानं तिला मारलं. मी मधे पडले, मलाही लागलं. ती मनगट पदरानं पुसत बसली.

त्यानंतर तिला काम मिळालं नाही. नारपोलीत नाही, निजामपुऱ्यात नाही. मुकादम एकमेकांना ओळखतात, त्यांचा निरोप तिच्याआधी पोचायचा. एकानं तर तिला तोंडावर विचारलं, "राखी बांधशील का मला?" आणि शेडमधली माणसं खदखदून हसली. 'लोखंडाची बहीण' हे नाव तेव्हा पडलं. पोरं रस्त्यावरून ओरडायची, पुढे त्या पोरांची पोरं ओरडायला लागली, त्यांना काही ठाऊकही नव्हतं. आणि मुकादम? तो मोठ्या मनाचा! त्यानं दामूदादाला कामावर ठेवलं. "बहीण चुकली, पण बहिणीचा संसार मी मोडणार न्हाय," असं तो चारचौघांत म्हणाला, आणि आमचं घर त्याच्या उपकाराखाली कायमचं दबलं. दर भाऊबीजेला तो तिला लुगडं पाठवायचा, नुसता पाठवायचा नाही, वाजतगाजत पाठवायचा. वयनी ते घ्यायची, मधोमध फाडायची आणि त्याचं पोतेरं करायची. वळमध्ये जरीकाठाच्या पोतेऱ्यानं सारवलेली जमीन आमच्याच घरात होती. आई कपाळ बडवून घ्यायची. एवढा एकच आनंद त्या बाईनं आयुष्यात मनसोक्त घेतला असेल.

वर्षं गेली. आई गेली, दादा गेला. शेतांवर गोदामं उभी राहिली आणि त्यातली काही मुकादमाची झाली. वयनीला उशिरा झालेला एकुलता सुभाष, तो त्यातल्याच एका गोदामात सुपरवायझर लागला. वयनीनं जाऊ नको म्हटलं तेव्हा तो म्हणाला होता, "मंग पोट कोण भरंल, आये? तुझं लोखंड?" हे मला तिनं स्वतः सांगितलं, हसत. ती हसायची तेव्हा मला जास्त भीती वाटायची.

गेल्या दिवाळीला मी गेले होते, तीच शेवटची भेट. तिनं पेटी उघडून एक साडी काढली. मोरपंखी, बारीक काठाची, घडी न मोडलेली. भाजी विकून निजामपुऱ्यातल्या दुकानातून स्वतः आणलेली. "ही माझ्या माहेरची," म्हणाली. "माझं माहेर म्हंजे मीच. ही घालायची मला. रंजूलापन सांगून ठेवलंय." रंजू म्हणजे तिची सून. मी म्हटलं, "अगं, मरणाचं काय बोलतेस सणासुदीला?" तर म्हणाली, "जगताना त्यानं जबरीनं बहीण करून घेतली मना. मेल्यावर तरी नको."

...आणि मी पोचले तेव्हा ती अंगणात निजवलेली होती आणि अंगावर त्याचं लुगडं होतं. भरजरी, गर्द जांभळं. ऐंशीच्या पुढचा तो, पांढरे कपडे, खुर्चीवर बसून डोळे टिपत होता. मी रंजूला आत ओढलं. "पेटीतली साडी?"

"सांगितलेलं आईंनी," ती खाली बघत म्हणाली. "पण मामांनी आणल्यावर नको कसं बोलायचं, आत्या? आनि स्वताचंच लुगडं स्वताला कोण घालतं? लोक काय बोलतील?"

मी बाहेर आले आणि ते जांभळं लुगडं तिच्या अंगावरून खेचून काढलं. हो, काढलं. बायका किंचाळल्या, पुरुष धावले. सुभाषनं माझे दोन्ही हात धरले, कानाशी तोंड आणून म्हणाला, "आत्या, पाया पडतंय तुझ्या. मना परवा तिथंच कामावर जायाचंय." त्या पोराचे डोळे अगदी त्याच्या बापासारखे दिसले. मुकादम खुर्चीवरून उठला, वाकला, आणि स्वतःच्या हातानं ते लुगडं पुन्हा तिच्या अंगावर पसरलं, खांद्यापासून पायापर्यंत, नीट, सावकाश. "असू दे," म्हणाला. "दुःखात माणूस काहीपन करतं." लोकांना गहिवरून आलं. ती जळली ती त्याच लुगड्यात. दुसऱ्या दिवशी नाक्यावर फ्लेक्स लागला, तिचा लहानसा फोटो, त्याचा मोठा, आणि खाली 'शोकाकुल बंधू'.

तेराव्याला मी जाणार नव्हते. गेले ते पेटीतली साडी मागून घ्यायला, निदान ती तरी त्या घरात राहू नये म्हणून. पोचले तर पंगत बसली होती, पहिल्या पानावर तो, आणि रंजू वाढत होती. अंगावर ती मोरपंखी साडी. कोरी होती, कोणी नेसलेली नव्हती, गोड जेवणाला नवं काही हवं म्हणून काढली असेल. तिच्या मनात काही वाईट नसणार. पण ज्या साडीत द्वारकावयनीनं जायचं ठरवलं होतं, त्याच साडीत तिची सून त्या माणसापुढे वाकून श्रीखंड वाढत होती.

"बस, बाळा, बस, किती वाढशील," तो म्हणाला आणि तिचं मनगट धरलं. वाढणं थांबलं तरी धरून ठेवलं. अंगठा फिरत होता. कोणी पाहिलं नाही, कोणाला पाहायचंच नव्हतं. सुभाष समोरच पाणी वाढत होता.

मी उभी राहिले. "मुकादम, हात सोड तिचा."

आता लूम नव्हते, माझं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, त्या वयातही तेच हसू. आणि रंजू... तिनं हात सोडवून घेतला, लालबुंद झाली, आणि माझ्यावरच कडाडली, "काय बोलताव, आत्या? मामा हायेत ते!"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती वाटी घेऊन भिंतीकडे वळली. तिला वाटलं, कोणाचं लक्ष नाही. मोरपंखी पदराचं टोक तिनं ओढून घेतलं आणि उजवं मनगट पुसलं... खसाखसा, भांडं घासल्यासारखं.